पांढरी बोटं

जानेवारीतला रविवार होता. आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही गोव्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर सफाईला गेलो होतो. सुरूच्या झाडांपासून तेरेखोलच्या मुखापर्यंतचा पट्टा आमच्या वाट्याला आला होता. ओहोटी लागलेली, वाळू अजून गार. थर्माकोलचे तुकडे, बाटल्या, जाळ्यांचे निळे-हिरवे गुंते, जोडीदार हरवलेल्या चपला असं सगळं मुलं पोत्यांत भरत होती. तेवढ्यात एक मुलगी दोन्ही हातांची ओंजळ करून माझ्याकडे आली. ओंजळीत तुटक्या दोरीच्या गाठीला चिकटलेला एक झुबका होता. करंगळीएवढ्या, पांढुरक्या, लवलवीत बोटांचा. साबुदाण्याची खीर आळल्यावर असतो तसा धुरकट रंग. मी एका बोटाने दाबून पाहिलं. थंड लागलं, आणि दाबलेली जागा लगेच पुन्हा फुगली. "बाई, हे काय असेल?" ऊन वर येत होतं, चाळीस मुलं चार दिशांना पांगली होती, पंचायतीचा टेम्पो अकराला यायचा होता. मी म्हटलं, "प्लास्टिकचंच काहीतरी असेल गं. टाक पोत्यात." तिने टाकलं. पण टाकण्याआधी तो झुबका एकदा उन्हासमोर धरला आणि म्हणाली, "आत टिपके आहेत, बाई." मी "हो का" म्हटलं आणि पुढे गेले.

आत टिपके आहेत, बाई.

संध्याकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळचे फोटो आले. त्यातल्या एकात ती मुलगी आणि तिची ओंजळ होती. आमच्या विज्ञानाच्या शिक्षिकेने त्याखाली एवढंच लिहिलं होतं, "माणक्यांची अंडी आहेत ही. सोडली ना पाण्यात?" माणकी म्हणजे स्क्विड, ऑक्टोपसच्या जातकुळीतला मऊ समुद्री जीव. मी बराच वेळ ती ओळ बघत बसले. मग तिला फोन केला. तिने सांगितलं की त्यातलं एकेक बोट म्हणजे जेलीची एकेक पिशवी. मादी समुद्राच्या तळाशी, एखाद्या खडकाला, शिंपल्याला किंवा हरवलेल्या दोरीला अशा पिशव्या एकापुढे एक चिकटवत जाते. प्रत्येक पिशवीत डझनांनी अंडी असतात. सुरुवातीला पिशवी नुसती पांढरी दिसते. टिपके दिसायला लागले की समजायचं, आतली पिल्लं तयार होत आली. ते टिपके म्हणजे त्यांचे डोळे. माझा आवाज ऐकून बहुधा तिला वाईट वाटलं असावं. "किनाऱ्याला लागलेलं तसंही फारसं वाचत नाही गं," ती म्हणाली. वाचलं नसतंही. पण पाणी आमच्यापासून दहा पावलांवर होतं, आणि पोतं दुपारीच टेम्पोतून गेलं होतं.

त्या रात्री मला माझं आजोळ आठवलं. वेंगुर्ल्याच्या अलीकडचं गाव, मामा रापणीत वाटेकरी. तिकडे माणकीला म्हाकूल म्हणत. पहाटे रापण ओढायची हाळी आली की आम्ही पोरंही अर्धवट झोपेत किनाऱ्यावर. दोन्ही बाजूंनी माणसं दोर कमरेला अडकवून मागे मागे जात, आणि जाळं जवळ आलं की पाण्याचा आवाज बदलत असे. आधी सळसळ, मग मुसळधार पावसात पत्रे वाजावेत तसा तडतडाट. बांगडे, तारले, मधेच एखादा सरंगा. आणि त्या रुपेरी गर्दीत पाच-दहा म्हाकुलं. ती माशांसारखी फडफडत नसत. नुसती धापा टाकल्यासारखी फुगत-आटत, आणि अंगावरचे तांबूस ठिपके मिटत-उघडत. मी कधी तासभर एका म्हाकलाकडे बघत बसे. ठिपके मोठे होत, सगळं अंग लालसर होई. मग टिपक्या बारीक होत, अंग काचेसारखं होई. वाटतं, जीव जाईपर्यंत त्याला काहीतरी सांगायचं असावं. "गो बाय, हात लावू नको, शाय उडतली," असं आजी ओरडेपर्यंत माझा फ्रॉक काळा झालेला असे. तो डाग कधी गेला नाही. शाई धुतली की तपकिरी होई आणि तशीच राही.

त्या म्हाकुलांना वाट्यात किंमत नव्हती. वाटे घातले जात ते माशांचे. म्हाकुलं एका कडेला. कुणी गरीला लावायला नेई, बाकीची आमच्यासारख्या पोरांच्या घरी. आजी त्यांचं सुकं करायची. डोकं ओढून काढायचं, आतली काचेच्या पट्टीसारखी काडी सरकवून बाहेर घ्यायची, कातडं सोलायचं, आणि वाटपात कोकमं जरा जास्तच घालायची. ती काडी मला हवी असे. धुऊन, वाळवून मी ती पुस्तकात खूण म्हणून ठेवायची. म्हाकुलाच्या जाडजूड भाऊबंदाची, कटलफिशची, पाठ तर किनाऱ्यावर आपोआप मिळे. पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची. आजी तिला समुद्रफेन म्हणे आणि डब्यात जपून ठेवी. वैद्य मागत, शिवाय शेजारच्यांच्या पोपटाच्या पिंजऱ्यात एक तुकडा कायम अडकवलेला असे. पोपट चोच घासून घासून त्याची पूड करी. हे सगळं फार जुनं नाही. मी पंचावन्न वर्षांची आहे.

मधल्या काळात काय झालं ते इथल्या माणसांना सांगायला नको. ट्रॉलर आले, आणि ते आले कोळंबीसाठी. तळ खरवडणाऱ्या जाळ्यात कोळंबीबरोबर जे जे येई त्यात माणकी होती, समुद्रफेनवाली जाड माणकी होती, लहान ऑक्टोपस होते. आधी ते परत समुद्रात फेकलं जाई. मग बाहेरच्या देशांतून, मुख्यतः युरोपातून मागणी आली. बर्फ आला, शीतगृहं आली, आणि जे फेकायचं होतं तेच मोजून घेतलं जाऊ लागलं. रापणकारांनी सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध जे आंदोलन उभारलं, मातानी साल्ढाणांसारखी माणसं ज्यात पुढे होती, त्यातूनच 1980चा आपला सागरी मासेमारी कायदा आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटर ट्रॉलरला बंदी ही रेषा आली. त्या रेषेचं पुढे काय झालं हे ज्याने त्याने आपल्या किनाऱ्यावर उभं राहून बघावं. मला एवढंच दिसतं की ती रेषा माशांना समोर ठेवून आखली गेली. माणकीचं नाव तेव्हाच्या भांडणात कुणाच्या तोंडी नव्हतं.

आता ते प्रत्येकाच्या तोंडी आहे. फक्त नाव बदललंय. माझी लेक पुण्याहून आली की पहिल्या संध्याकाळी आम्ही मांद्रेच्या एका शॅकवर जातो, आणि मेनू उघडायच्या आधीच ती "बटर गार्लिक कॅलामारी" सांगून मोकळी होते. पांढऱ्या कड्या, वर कोथिंबीर, लिंबू. मलाही आवडतात, खोटं कशाला बोलू. चांगल्या शिजवल्या तर दाताखाली हलकासा ताण देऊन सुटतात. जास्त शिजल्या की रबर. शेजारच्या टेबलावर, त्याच्या शेजारच्यावरही तेच. मागच्या खेपेला मी नुसती ताटं मोजत बसले होते. लेक म्हणाली, "आई, जेव ना." मी जेवले.

अंड्यांच्या त्या रविवारानंतर आठवडाभराने मी म्हापशाच्या बाजारात गेले. माझी नेहमीची माशेवाली खालच्या रांगेत बसते. मी शाळेत रुजू झाले तेव्हापासून तिच्याकडूनच घेते. त्या दिवशी टोपलीत माणकी नव्हत्याच. गेल्या वर्षी याच दिवसांत ढीग होता, मी म्हटलं. ती सुरी धुता धुता म्हणाली, "माणक्यांक फाटलें वर्स नासता, बाये." माणक्यांना गेलं वर्ष नसतं. मग सरंग्याकडे वळली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करू लागली. मी रिकामी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. फोनवर विज्ञानवाली जे अर्धा तास समजावत होती ते हिने एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

इसवण, म्हणजे सुरमई, कित्येक वर्षं जगते, अनेकदा अंडी घालते. यंदा पिल्लं कमी झाली तरी गेल्या वर्षीची, त्याच्या आदल्या वर्षीची इसवण समुद्रात शिल्लक असते. घरात म्हातारी माणसं असावीत तशी. आपल्या किनाऱ्यावरच्या माणकीचं तसं नाही. तिचं सगळं आयुष्य जेमतेम एका वर्षाचं. जन्मायचं, झपाट्याने वाढायचं, अंडी घालायची आणि संपायचं. तिच्या डोक्यात, तोल सांभाळणाऱ्या पोकळीत, मोहरीहून लहान असा एक खडा असतो. झाडाच्या खोडात जशी वर्षाची वर्तुळं तशी त्या खड्यात दिवसाची. शास्त्रज्ञ तो खडा घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून तिचं वय दिवसांत मोजतात. वर्षांत मोजण्याइतकं ते नसतंच. ऑक्टोपसची आई तर आणखी पुढची. ती कपारीत अंड्यांचे झुपके लटकवते, त्यांच्यावर पाणी फुंकत, ती साफ करत बसते, या काळात काही खात नाही, आणि पिल्लं बाहेर पडता पडता मरते. म्हणजे दरवर्षी समुद्रात जे काही येतं ते सगळं नवं. मागच्या पिढीतलं कुणी भेटायलाही उरत नाही. या वर्षी जेवढ्या माद्यांना आपण अंडी घालू दिलं त्यावर पुढचं वर्ष. शिल्लक, व्याज, बुडीत खातं असलं काही नाही.

हे समजल्यावर आकडे वाचायला लागले, आणि ते आकडे मला आधी उलटेच वाटले. जगात 1970च्या आसपास माणकी-ऑक्टोपसांची सगळी मिळून पकड दहा लाख टनांच्या घरात होती. 2014 साली ती 49 लाख टनांवर गेली. बाकीचा समुद्र रिकामा होत असताना यांचं वाढत होतं. 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साठ वर्षांच्या नोंदी तपासून त्यात म्हटलं होतं की जगभर या प्राण्यांची संख्या खरोखरच वाढत गेली आहे. का, याचं एकच उत्तर नाही. त्यांना खाणारे मोठे मासे आपण काढून घेतले हे एक. पाणी कोमट झालं की हे लवकर वाढतात हे दुसरं. आणि ज्याचं आयुष्य लहान त्याला बदलत्या दिवसांशी जमवून घ्यायला वेळ लागत नाही. हे वाचून मला क्षणभर हलकं वाटलं होतं. एक पोतं अंड्यांचं गेलं तर काय झालं, असंही मनात आलं. पण त्याच 2016 साली जगातल्या तीन मोठ्या जातींची पकड एका वर्षात मिळून 12 लाख टनांनी खाली आली. दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांजवळ एक जात आहे, 2015 साली तिची विक्रमी पकड झाली आणि पुढच्याच हंगामात ती जवळजवळ आलीच नाही. जपानात सुरुमे म्हणून वाळवतात ती माणकी. तिकडच्या बंदरांत ती कित्येक वर्षं कमी कमी होत गेली. चढतं तेव्हा भराभर चढतं आणि उतरतं तेव्हा आदल्या दिवशी सांगत नाही. मग म्हापशातल्या बाईचं वाक्य पुन्हा कानात.

माझा एक जुना विद्यार्थी मालीमच्या जेटीवरच्या एका ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, आहे. दहावीला मराठीत पहिला आलेला मुलगा. एका संध्याकाळी मी मुद्दाम तिकडे गेले. मांडवीपलीकडे पणजीचे दिवे लागत होते, आणि इकडे बर्फाचा चुरा, डिझेल आणि मासळी यांचा तो एकवटलेला वास. खलाशी क्रेट उतरवत होते. ओडिशाची, झारखंडची पोरं, कानात इयरफोन, पायात गमबूट. क्रेटांमध्ये माणकी आकाराप्रमाणे वेगळ्या केल्या होत्या. मोठ्या वेगळ्या, मधल्या वेगळ्या, आणि एका क्रेटमध्ये माझ्या बोटाएवढ्या. मी त्या क्रेटकडे बघतेय हे त्याने बघितलं. "बाई, त्या येतातच. जाळं काही आकार विचारून उघडत नाही," तो म्हणाला. मी अंड्यांचं सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही. "तळावरून जाळं फिरलं की येतात ना. पांढरी, द्राक्षासारखी काळीपण. काळी ती जाड माणकीची. पोरं झाडून टाकतात बाहेर." कुठे, मी विचारलं. "पाण्यातच की." तळावर चिकटवलेली अंडी वरून पाण्यात टाकली तर कुठे जाऊन पडतात, चिखलात की वाळूत, हे त्याला कसं माहीत असणार. मला तरी कुठे होतं.

उजेडाचा विषय मी काढला नव्हता, त्यानेच काढला. काळोख्या रात्री माणकी उजेडाकडे येते, हे समुद्रावरच्या सगळ्यांना ठाऊक. पूर्वी कंदील, मग पेट्रोमॅक्स, मग जनरेटरवर एलईडीच्या माळा. 2017च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने एलईडीच्या झोतात मासेमारी करायला बंदी घातली. त्याआधी आणि त्यानंतर मालवणपासून काणकोणपर्यंत त्यावरून किती भांडणं झाली ते आपण पेपरात वाचतोच. तेरेखोलच्या किल्ल्याकडून रात्री बघितलं तर क्षितिजावर उजेडाची एक ओळ दिसते. त्यातला कुठला उजेड कसला, हे मी किनाऱ्यावर उभी राहून ठरवू शकत नाही. तो म्हणाला, "बाई, सरंगा नाही, इसवण नाही, तेव्हा माणकीच डिझेल काढते. ती नसती तर आमची होडी कधीच विकली गेली असती." हे तो रागाने म्हणाला नाही. जेटीवरून निघताना त्याने जबरदस्तीने किलोभर माणकी पिशवीत घातली. मधल्या क्रेटमधली. लहान नाही, मी बघितलं.

त्या रात्री मी फॉकलंडचं वाचत बसले. इतक्या लांबच्या बेटांशी माझं काय, पण तिथे त्यांनी जे केलंय ते मला आपल्या कणगीसारखं वाटलं, म्हणून सांगते. 1987च्या फेब्रुवारीपासून त्यांनी आपल्या बेटांभोवती एक हद्द लागू केली आणि ठरलेल्या होड्यांनाच परवाने दिले. पण खरी गोष्ट पुढे आहे. गेल्या वर्षी किती मिळालं यावरून यंदा किती पकडायचं हे ठरवून माणकीच्या बाबतीत उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून मासेमारी चालू असतानाच मोजायचं. कणगीत किती भात आहे ते बाहेरून दिसत नाही. पण रोज तेवढ्याच मापाने काढताना हात किती खोल घालावा लागतो यावरून आजीला कळायचं की किती उरलंय. तसंच, रोज दर तासाला होडीमागे किती माणकी येते आणि ती पकड कशी उतरत जाते, यावरून पाण्यात किती उरल्या याचा हिशेब मांडायचा. एका जातीसाठी त्यांचा नियम असा की शंभरातल्या चाळीस माद्या-नर तरी अंडी घालायला सुटले पाहिजेत. दुसरीसाठी, हंगामाच्या शेवटी किमान दहा हजार टन तरी समुद्रात राहिल्या पाहिजेत. आकडा त्याच्या खाली जातोय असं दिसलं की हंगाम मध्येच बंद. परवान्याचे पैसे भरलेले असोत, होड्या समुद्रात असोत. दरवर्षी साधतंच असं नाही. त्यांच्या हद्दीबाहेर, दोनशे मैलांच्या पलीकडे, शेकडो होड्या दिवे लावून उभ्या असतात. तो उजेड उपग्रहातून एखाद्या शहरासारखा दिसतो, आणि तिथे माणकीसाठी कुणाचाच कायदा नाही. आपल्या अरबी समुद्राच्या पलीकडच्या खोल पाण्यातही गेल्या काही वर्षांत परदेशी होड्या तशाच दिव्यांनी माणकी ओढतायत. तिथेही माणकीसाठी असा करार नाही.

मला जास्त जवळची वाटली ती मादागास्करची गोष्ट. नैऋत्य किनाऱ्यावर आंदावादोआका नावाचं गाव आहे. ओहोटीच्या वेळी तिथल्या बायका प्रवाळाच्या कातळावर चालत जातात, काठीने कपारी टोचून ऑक्टोपस काढतात. 2004 साली गावाने ठरवलं की कातळाच्या एका तुकड्यावर काही महिने कुणी चालायचंच नाही. बाकीचा मोकळा ठेवायचा, म्हणजे घरची चूल थांबणार नाही. सात महिन्यांनी तो तुकडा उघडला तेव्हा तिथले ऑक्टोपस मोठे आणि वजनदार निघाले, आणि शेजारच्या गावांनी आपापले तुकडे बंद करायला घेतले. पुढे मॉरिशसजवळच्या रॉड्रिग्सनेही 2012मध्ये ऑक्टोपस पकडणं काही महिने थांबवलं. इथे फॉकलंडसारखं रोजचं मोजमाप नव्हतं. कळत होतं ते एवढंच, की थोडं थांबलं तर हा प्राणी लगेच वाढतो. त्याच्या लहान आयुष्याचा हाच फायदा आहे. जे लवकर मरतं ते लवकर परतही येतं. फक्त कुणीतरी थांबायला हवं.

थांबणं आपल्याला नवीन नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जायचं नाही हे माझ्या मामांनी कुठल्या अधिसूचनेतून शिकलेलं नव्हतं. आता सरकारी बंदी 1 जून ते 31 जुलै, एकसष्ट दिवस. बहुतेक वर्षी नारळी पौर्णिमा त्यानंतर येते. म्हणजे नारळ वाढवायच्या आधीच ट्रॉलर निघालेले असतात. मला हे खटकतं. जुनं ते सगळं चांगलं होतं असं मी मानत नाही. पण पावसाळा उतरतानाचे पहिले आठवडे माणकी किनाऱ्याजवळ भरपूर असते आणि जाळी पहिल्यांदा पडतात ती तेव्हाच. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक कांदोळीसमोरचं पाणी वर्षानुवर्षं मोजतायत. त्यांनी दाखवून दिलंय की ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या किनाऱ्याच्या तळच्या पाण्यातला प्राणवायू संपत येतो. ज्या तळावर अंडी चिकटवायची तोच तळ त्या दिवसांत घुसमटलेला. त्यात वरून जाळी फिरायची. कर्नाटकच्या समुद्रात आणखी एक युक्ती चालते. नारळ काढून घेतल्यावर उरणारे घडांचे सुके झुपके कन्याकुमारीकडचे मच्छीमार तळाशी सोडतात. जाड माणकी तिथे अंडी घालायला जमते आणि तिथेच धरली जाते. तिकडच्या ट्रॉलरवाल्यांचं आणि यांचं त्यावरून भांडण आहे. मला त्या भांडणात बाजू घेता येत नाही. पण अंडी घालायला आलेल्या जिवाला अंडी घालण्याच्या जागेनेच फसवायचं, हे वाचताना पोटात कालवलं. केरळने 2015 साली काही जातींचा किमान आकार कायद्यात लिहिला, त्यात माणकीही आहे. आठ सेंटीमीटरपेक्षा लहान अंगाची धरायची नाही. पट्टी घेऊन मी माझी तर्जनी मोजली. जेमतेम सात.

लेकीने ऑक्टोपस खाणं सोडलंय. तो विचार करतो, दुःख जाणतो, म्हणून. ब्रिटनमध्ये 2022च्या कायद्याने त्याला वेदना जाणणारा प्राणी मानलंय, आणि कॅलिफोर्नियाने 2024मध्ये त्याच्या शेतीवर बंदी घातलीय, हे तिनेच मला सांगितलं. कॅलामारी मात्र ती खाते. मी तिला दोष देत नाही. मीही कुठे सोडलीय.

ऑगस्टमध्ये माणकी आल्या. म्हापशाच्या बाईने टोपली पुढे केली आणि मी, नेहमी घेते तशा, अर्धा किलो घेतल्या. घरी येऊन साफ करायला बसले. डोकं ओढलं, काडी काढली. एका मादीच्या अंगात, मधोमध, शेजारी शेजारी दोन पांढऱ्या, गुळगुळीत, बदामासारख्या लांबट गोष्टी होत्या. इतकी वर्षं त्या काढून केराच्या पिशवीत टाकत आले होते. आता नाव वाचलेलं होतं. मादी अंडी घालते तेव्हा त्यांच्याभोवतीची जेली याच ग्रंथींतून येते. करंगळीएवढी ती सगळी पांढरी बोटं, ज्यांना मी प्लास्टिक म्हटलं होतं, ती इथे तयार व्हायची होती. नळाचं पाणी चालू होतं. मी त्या तळहातावर घेऊन बघितल्या. मऊ होत्या, किनाऱ्यावरच्या झुबक्यापेक्षाही. मग बाकीच्या माणकी साफ केल्या, कोकमं घालून आजीसारखं सुकं केलं, आणि आम्ही जेवलो. चव तीच होती. भात मात्र मी नेहमीपेक्षा कमी घेतला.

ती मुलगी आता नववीत आहे. परवा मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. शापोऱ्याला तिची मावशी राहते, तिथे जेटीखालच्या खांबाला बांधलेल्या जुन्या दोरीला पुन्हा तसाच झुबका दिसला होता तिला. दोरी सुटून चिखलात लोंबत होती, वर ऊन. "काढून पाण्यात सोडलीस?" मी विचारलं.

"सोडली बाई. गाठीला दगड बांधला मावशीच्या साडीच्या काठाने. पण खाली कुठे गेली ते बघता आलं नाही. पाणी गढूळ होतं."